पॉइंट टू-टूचे काडतूस : बसते म्हणून चालत नाही

गिऱ्हाईक ‘पॉइंट टू-टूची काडतुसे द्या’ म्हणते. पण कोणती? १८८७ सालचे लाँग रायफल आणि १९५९ सालचे मॅग्नम, दोन्ही पॉइंट टू-टूच. मॅग्नमचे पितळी कवच लांब आणि घेराने मोठे. लाँग रायफल त्याच्या चेंबरमध्ये सहज जाते, इथेच फसगत होते. सैल कवचाला आधार नसतो. बार उडताच ते फाटते आणि गरम वायू मागे, नेम धरणाऱ्याच्या डोळ्यांकडे येतो. व्यापारी बंधूंनी नळीवर कोरलेले नाव आणि पाकिटावरचे नाव जुळवूनच माल द्यावा. कोरीव पुसट असल्यास कारागिराकडून चेंबरचे माप घ्यावे. काडतूस घालून पाहणे ही परीक्षा नव्हे. या काडतुसांचा पेट घेणारा मसाला बुडाच्या कडेतच भरलेला असतो, म्हणून अडकलेले काडतूस कड ठोकून काढू नये.