रात्री ११ वाजता घेतलेलं कर्ज

खारघरमध्ये माझं स्टेशनरी आणि झेरॉक्सचं दुकान आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे. कॅश फ्लो या विषयावर मी तासभर बोलू शकते, हेही तुम्ही पाहिलंय. म्हणून आज आधी माझीच गोष्ट सांगते.

दोन वर्षांपूर्वीचा मे महिना. आमच्या धंद्यात वह्यांचा माल एप्रिलमध्ये भरावा लागतो आणि गिऱ्हाईक येतं जूनमध्ये, शाळा उघडल्यावर. होलसेलरला दिलेला चेक दोन दिवसांनी लागणार होता आणि खात्यात पैसे नव्हते. रात्री ११ वाजता शटर ओढून घरी आले, पलंगावर बसले आणि मोबाईलवर दहा मिनिटांत १ लाखाचं कर्ज घेतलं. रोज १,२०० रुपये, १०० दिवस. मला फक्त ते १,२०० दिसले. तेवढे तर झेरॉक्सवर निघतील, असं वाटलं.

सकाळी सासूबाईंना सांगितलं. त्यांचं शिक्षण सातवी, पण पंचवीस वर्षं भिशी चालवलेली बाई. त्यांनी विचारलं, "हातात किती आले गं?" चार्जेस कापून ९२ हजार. "आणि द्यायचे किती?" १ लाख २० हजार. त्या काही बोलल्या नाहीत, चहा गाळत राहिल्या. मी मात्र नंतर बसून नीट हिशेब केला. रोज हप्ता जातो म्हणजे पूर्ण रक्कम आपल्याकडे एक दिवसही राहत नाही. वर्षाचा दर काढला तर २०० टक्क्यांच्या आसपास! हे गणित मी बीबीएला शिकलेय, लोकांना शिकवते. मग त्या रात्री ते कुठे गेलं होतं?

हा प्रश्न मला सोडेना, म्हणून वाचायला लागले. संकट दिसलं की आधी ॲड्रेनलिन सुटतं, काही सेकंदांत. छाती धडधडते, हात गार पडतात. मागोमाग काही मिनिटांत कॉर्टिसॉल वाढतं. पळायचं असेल, भांडायचं असेल तर ही सोय उत्तम. पण कपाळामागचा मेंदूचा जो भाग तुलना करतो, थांबून विचार करतो, त्याचं काम अशा वेळी ढिलं पडतं. चेक बाउन्स होण्याची भीती आणि अंगावर आलेला कुत्रा, शरीराला दोन्ही जवळपास सारखेच.

पण मला खरं थांबवलं ते तामिळनाडूतल्या ऊस शेतकऱ्यांवरच्या अभ्यासानं. २०१३ साली तो 'सायन्स' या साप्ताहिकात आला. संशोधकांनी ४६४ शेतकऱ्यांची परीक्षा दोनदा घेतली, ऊस तुटायच्या आधी आणि पैसे हातात आल्यावर. माणूस तोच. प्रश्न साधे: आकृतीतला राहिलेला तुकडा ओळखा. किंवा कागदावर ५ ५ ५ असं लिहिलंय, तर आकडे किती ते पटकन सांगा. उत्तर तीन, पण तोंडात पाच येतं. तोडणीआधी हेच शेतकरी जास्त चुकले, वेळही जास्त लागला. त्या काळात १०० पैकी ७८ जणांनी काही ना काही गहाण टाकलेलं होतं, पैसे आल्यावर फक्त ४ जणांचं.

आता यातली मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट. नाडीचे ठोके आणि ब्लड प्रेशरही मोजलं होतं. तोडणीआधी ताण जास्त होताच, पण तो हिशेबात धरूनही फरक उरला. म्हणजे नुसती धडधड नाही, पैशाची विवंचना डोक्यातली जागाच अडवून बसते. कोल्हापूर-सांगलीकडे ज्यांचे नातेवाईक कारखान्याच्या बिलाची वाट बघतात, त्यांना हे वेगळं सांगायला नको. आणि स्टेशनरीवाला तरी काय, वर्षातून एकदाच पीक घेणारा शेतकरीच.

ते कर्ज ऑगस्टअखेर फिटलं. पण दिवाळीपर्यंत अनोळखी नंबर आला की पोटात गोळा यायचा. दुकानातल्या मुलावर मी विनाकारण ओरडायचे. त्याचा धागा मिळाला तो आपल्या कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या बंगळुरू केंद्रातल्या कामात. तिथे सुमंत्र चटर्जी आणि सहकाऱ्यांनी उंदरांना रोज २ तास, असे १० दिवस जखडून ठेवलं. २००२ साली त्यांनी दाखवलं की आठवणी सांभाळणाऱ्या हिप्पोकॅम्पस या भागातल्या पेशींच्या फांद्या आखडल्या, तर भीती सांभाळणाऱ्या अमिग्डालातल्या वाढल्या. मग २१ दिवस विश्रांती दिली. आखडलेल्या फांद्या परत वाढल्या, पण भीतीच्या बाजूची वाढ तशीच राहिली. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे मान्य. तरी वाचताना मला माझी दिवाळी आठवली.

त्या मुलाची मी माफी मागितली. उशीरच झाला होता.

श्वासाचं म्हणाल तर लोणावळ्याच्या कैवल्यधाममध्ये स्वामी कुवलयानंदांनी १९२४ पासून प्राणायामाचा अभ्यास उपकरणं लावून सुरू केला. श्वास सावकाश सोडला की हृदयाची गती उतरते, हे मी गल्ल्यावर बसून करते आणि उपयोग होतो. पण डोकं शांत झालं तरी चेकची तारीख सरकत नाही. तुमच्यापैकी कुणाला महिनोन्‌महिने झोप नसेल, तर श्वासावर न थांबता डॉक्टरांकडे जा.

मी बदललंय ते एवढंच. संध्याकाळी ७ नंतर पैशाची कुठलीही सही नाही, ओटीपी नाही. कर्ज असो की स्कीम, सकाळी कागदावर दोन आकडे लिहायचे, हातात किती आणि द्यायचे किती. तो कागद सासूबाईंना दाखवायचा. तुमच्या घरीही असं कुणीतरी असेल, ज्याच्या डोक्यावर तुमचा चेक बसलेला नाही.

आणि अवघड बोलणं हंगाम संपल्यावर, पैसे असताना उरकायचं. होलसेलरला यंदा मार्चमध्येच फोन केला, चेकसाठी २५ जून मागितली. बराच कुरकुरला, शेवटी १८ जूनवर तयार झाला.