माव्याच्या देहातील तिसरा भागीदार

इ. स. १८९६ मध्ये आग्र्याच्या सरकारी प्रयोगशाळेतील अर्नेस्ट हँकिन यांनी असे प्रसिद्ध केले की, गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे जिवाणू काही तासांत नाश पावतात आणि तेच पाणी उकळले असता त्याचा हा गुण नाहीसा होतो. हँकिन यांना आढळलेला प्रभाव जिवाणुभक्षी विषाणूंचाच होता की काय, याविषयी विद्वानांत आजही मतभेद आहेत. परंतु १९१५ मध्ये फ्रेडरिक ट्वॉर्ट यांनी आणि १९१७ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील फेलिक्स द'एरेल यांनी अशा विषाणूंचा दाखला दिला, तेव्हापासून संहारक हीच त्यांची ओळख कायम होऊन बसली. ही ओळख किती अपुरी आहे, हे वाटाण्याच्या कोवळ्या शेंड्यावर रस शोषीत बसणाऱ्या क्षुद्र माव्याइतके स्पष्टपणे क्वचितच कोणा प्राण्याने दाखविले असेल.

या माव्याची वैरीण म्हणजे गांधीलमाशीच्या गणातील एक चिमुकली माशी. आपले पोट पायांखालून पुढे वळवून, पापणी लवते न लवते तोच, ती माव्याच्या अंगात अंडे घालते. त्यातून निघालेली अळी माव्याला आतून पोखरीत वाढते, आणि अखेरीस पानाला चिकटून राहते ती फुगलेली, तपकिरी, कोरडी खोळ. काही माव्यांच्या देहात मात्र ही अळी तग धरीत नाही. ज्याला पुढे हॅमिल्टोनेला डिफेन्सा हे नाव मिळाले, त्या आईकडून पिलांना वारशाने मिळणाऱ्या जिवाणूकडे या संरक्षणाचे श्रेय जाते, असे केरी ऑलिव्हर, नॅन्सी मोरन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये दाखविले. पण प्रयोगशाळेत वाढविलेल्या माव्यांच्या काही वंशांत जिवाणू जागच्या जागी असूनही संरक्षण लोपले, आणि त्याचे कारण २००९ मध्ये उमगले: जिवाणूच्या जनुकसूत्रात मुरलेला 'एपीएसई' नावाचा विषाणू त्या वंशांतून गळून गेला होता. विषे निर्माण करणारी जनुके त्या विषाणूच्या मालकीची होती. जिवाणू केवळ त्याचा आश्रयदाता होता. याहूनही लक्षणीय गोष्ट अशी की, विषाणू गेल्यावर त्या जिवाणूंची संख्या बेसुमार वाढते आणि माव्याची स्वतःची वाढ मंदावते. म्हणजे बाहेरच्या शत्रूपासून रक्षण आणि घरच्या भाडेकरूवर अंकुश, ही दोन्ही कामे त्या विषाणूच्या अंमलाखाली चालत होती.

हा न्याय कीटकांपुरता नाही. हार्वर्डच्या संशोधकांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, ज्यांच्या आतड्यांत मोजक्या परिचित जातींचेच जिवाणू होते अशा उंदरांना काही जातींचे भक्षक विषाणू दिले. लक्ष्य झालेल्या जाती घटल्या, पण ज्यांना विषाणूने स्पर्शही केला नव्हता अशा जातींच्या संख्येतही चढउतार झाले, कारण त्या एकमेकींच्या आधाराने वा स्पर्धेने जगत होत्या. मनुष्याच्या आतड्यात मुबलक आढळणारा क्रासफाज नावाचा जिवाणुभक्षी विषाणू २०१४ मध्ये केवळ संगणकाच्या साहाय्याने उजेडात आला, आणि त्याच्या कुळातील एक विषाणू २०१८ मध्ये आयर्लंडमधील कॉर्क येथे प्रत्यक्ष वाढविण्यात आला, तेव्हा आपल्या भक्ष्याचा निर्वंश न करता त्याच्याच सोबतीने तो नांदतो असे दिसले. उलट, हँकिन ज्या पटकीच्या मागे होते, तिचे प्राणघातक विष जिवाणूचे मूळचे नव्हेच. तेही एका विषाणूनेच त्याला बहाल केले आहे, हे १९९६ मध्ये वॉल्डर व मेकालानोस यांनी सिद्ध केले.

एकच विषाणुजगत कोठे यजमानाला तारते आणि कोठे त्याचा घात करते. म्हणून एखाद्या प्राण्याच्या उदरातील जिवाणूंची जंत्री, ती कितीही कसोशीने केलेली असो, विषाणूंच्या नोंदीवाचून मी पुरी मानीत नाही. आपल्या विद्यापीठांतून जनावरांच्या आणि किडींच्या जिवाणुसृष्टीचा अभ्यास करणाऱ्या तरुणांना माझी कळकळीची विनंती आहे की, जिवाणू गाळून घेतल्यावर खाली उरणारे पाणी त्यांनी मोरीत ओतू नये; विषाणू त्यातच असतात, म्हणून तेही तपासावे.