फाट्यावरची कुत्री आणि शहरासाठी लिहिलेले नियम

नागपूर–तुळजापूर आणि अकोला–हिंगोली–नांदेड हे दोन महामार्ग हिंगोली जिल्ह्यातल्या वारंगा फाट्यावर एकत्र येतात. गाड्या थांबतात, लोक खिचडी-भजी खातात, आणि उरलंसुरलं हॉटेलामागं पडलं की कुत्री जमतात. त्यातली काही आसपासच्या आखाड्यांवरची, म्हणजे शेतातल्या वस्त्यांवरची असतात. रात्री रोही (नीलगाय) आणि रानडुकरांवर भुंकायचं, दिवसा फाट्यावर यायचं. पाळीव म्हणावं तर गळ्यात पट्टा नाही; मोकाट म्हणावं तर भाकरी रोज एकाच घरची. जवळपास दोनशे वर्षांत कुत्र्यांसाठी जे नियम झाले, ते करताना असा कुत्रा कुणाच्या डोळ्यांपुढं नव्हता.

सुरुवात मारण्यापासून झाली. कंपनी सरकारच्या काळात मुंबईत मोकाट कुत्रं मारलं की आठ आणे मिळत. त्यावरून जून १८३२ मध्ये कुत्र्याला पवित्र मानणारा पारशी समाज रस्त्यावर उतरला आणि शहराचे व्यवहार ठप्प झाले. तरीही धोरण फारसं बदललं नाही. १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्यातल्या ४४ व्या कलमानं जाहीर नोटीस काढून मोकाट कुत्री ठार करण्याची मुभा दिली. हिंगोलीचा भाग तेव्हा हैदराबाद राज्यात होता, त्यामुळं हा कायदा तिथं लगेच लागू नव्हता. तो भाग १९५६ मध्ये मुंबई राज्यात आला.

१९६० मध्ये प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा केंद्राचा कायदा झाला. मुंबई महापालिकेनं १९९४ पासून मारणं सोडून नसबंदी धरली, आणि केंद्राच्या त्याच कायद्याखालच्या २००१ च्या नियमांनी देशभर तीच वाट ठरवली: पकडा, नसबंदी करा, रेबीजची लस द्या, जिथून उचललं तिथंच सोडा.

पुढचे नियम मात्र फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांचे. २०१७ मध्ये कुत्र्यांची पैदास करून विकणाऱ्यांना नोंदणी सक्तीची झाली आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला बंदी आली. पुण्यात कुत्र्यांपाठोपाठ २०२२ मध्ये मांजरांचीही नोंदणी ठरली. फाट्यावर मांजर उंदरांसाठी ठेवतात. त्याची नोंदणी करायला कुणी जात नाही.

मार्च २०२३ च्या नव्या नियमांनी नसबंदीची जबाबदारी महापालिकांबरोबर पंचायतींवरही टाकली. पण त्यासाठी पिंजऱ्यांचं केंद्र, शस्त्रक्रियेची सोय, प्रशिक्षित डॉक्टर आणि पकडणारी माणसं लागतात. एकट्या ग्रामपंचायतीच्या आवाक्यातलं हे काम नाही.

२०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं विषय हाती घेतला. २२ ऑगस्टच्या आदेशानं, पिसाळलेली आणि आक्रमक सोडून बाकीची कुत्री लस-नसबंदीनंतर मूळ जागी सोडायची आणि खाऊ घालण्याच्या जागा ठरवून द्यायच्या असं झालं. ७ नोव्हेंबरला शाळा, दवाखाने, बसस्थानकं इथली कुत्री हटवण्याचे आणि महामार्गांवरून मोकाट जनावरं काढण्याचे आदेश निघाले. महामार्गावरच वसलेल्या फाट्याला शहरांसाठीचे नियम पहिल्यांदाच थेट येऊन भिडले.

या सगळ्या प्रवासात मारण्यापेक्षा नसबंदी बरी, हे ठरलं ते योग्यच झालं. चूक झाली ती काम सोपवताना पैसा आणि माणसं न देण्यात. तालुक्यातल्या ग्रामपंचायतींनी मिळून एक केंद्र जिल्हा परिषदेकडं मागावं. तोवर गावाच्या हातात तीन गोष्टी आहेत. हॉटेलवाल्यांनी उष्टं उघड्यावर टाकू नये. आखाड्यावरच्या कुत्र्याला मालकानं पट्टा बांधावा आणि दरवर्षी रेबीजची लस टोचून घ्यावी. २८ सप्टेंबरच्या रेबीज दिनाला पशुवैद्यकीय दवाखान्याकडून गावात शिबिर मागून घ्यावं. आणि कुत्रा चावलाच, तर हळद-चुना न लावता जखम साबण-पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. रेबीज एकदा अंगात उठला की माणूस जवळपास कधीच वाचत नाही.