‘जड आहे, कुठं जातंय?’

मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये कायमची गेली, पण जुन्या फियाटचं वेड काही गेलं नाही. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमिअर कारखान्याच्या या गाड्या आज कुर्ल्याच्या भंगारात आणि खान्देशातल्या वाड्यांच्या पडवीत सुट्ट्या होऊन पडल्या आहेत. सुरतेतले हौशी लोक तिथून बॉनेट, दरवाजे, गिअरबॉक्स उचलतात आणि आपल्या रोजच्या गाडीच्या कॅरियरवर चढवतात. उधना-लिंबायतच्या आपल्या माणसांना तर धुळ्याचा रस्ता पायाखालचा. बांधताना जरा हटकलं की एकच उत्तर ठरलेलं: ‘अहो, एवढं जड आहे, कुठं जातंय?’

जातं. आणि हे शाळेच्या पुस्तकातच आहे.

वस्तूला जागेवर धरून ठेवणारं घर्षण वजनाबरोबर वाढतं हे खरं. पण ब्रेक मारल्यावर ती वस्तू थांबवायला लागणारं बळही वजनाबरोबर तेवढंच वाढतं. हिशेब बरोबरीत सुटतो. चार किलोचा हेडलाइट आणि चाळीस किलोचा गिअरबॉक्स एकाच ब्रेकला घसरतात; फरक एवढाच, की गिअरबॉक्स पुढच्या मोटारसायकलस्वाराचा जीव घेऊ शकतो.

आकडेच हवेत तर घ्या. माल बांधण्याच्या अमेरिकी संघीय नियमानुसार बांधणीने पुढच्या दिशेला मालाच्या वजनाच्या 0.8 पट बळ सोसलं पाहिजे. बाजूला आणि मागे 0.5 पट. म्हणजे चाळीस किलोच्या गिअरबॉक्सला पुढे 32 किलोचा रोध हवा. लोखंडी कॅरियरवर लोखंडी डबा नुसता ठेवला आणि घर्षणगुणांक 0.2 धरला, तर मिळतात 8 किलो. उरलेले 24 नुसत्या वरून दाबणाऱ्या पट्ट्यांनी मिळवायचे, तर जवळजवळ 120 किलोचा दाब लागेल. खाली चांगली रबरी मॅट घातली की गुणांक 0.6 पर्यंत जातो आणि तोच दाब तेरा-चौदा किलोंवर येतो. कॅरियरला लावलेल्या ओल्या, तेलकट नायलॉनच्या दोरीवर आणि एका गाठीवर विसंबणाऱ्यांनी हा हिशेब पुन्हा एकदा वाचावा. शिवाय नायलॉन ताणलं जातं, पाण्याने आणखी सैल पडतं. पॉलिएस्टर फार कमी ताणलं जातं, म्हणून रॅचेटचा पट्टा पॉलिएस्टरचा असतो. पॉलिएस्टरच्या शहरात राहून नायलॉनच्या दोरीवर जीव टांगायचा म्हणजे कमाल आहे!

तेवढ्यानेही भागत नाही. धुळ्याहून सुरतेला परतताना कोंडाईबारी घाटात शिरलात की गाडी वळताना माल बाजूला जायला बघतो. म्हणून पुढे, मागे आणि दोन्ही बाजूंना वेगळी ओढ हवी, निव्वळ वरून दाब नव्हे.

आता याच्या उलट टोकाचा गैरसमज: ‘बॉनेट हलकं आहे, दोन दोऱ्या पुरे.’ वाऱ्याचं बळ वेगाच्या वर्गाबरोबर वाढतं. ताशी 80 किलोमीटरला समोरून येणाऱ्या हवेचा दाब एका चौरस मीटरवर सुमारे 30 किलो भरतो, 100 ला 47. फुगीर बॉनेटखाली हवा शिरली की त्याला खाली धरून ठेवायला स्वतःचं वजन पुरत नाही. बॉनेट न्यायचंच तर पोकळ बाजू खाली, पुढची कड कॅरियरला टेकवून घट्ट. पत्र्याची धार पट्टा कापते, म्हणून कडेवर जुनी गोधडी हवीच.

‘छत पोलादी आहे, शंभर-दीडशे किलो सहज घेतं’ हेही रोजचं. बहुतेक लहान गाड्यांची मर्यादा साधारण 50 ते 75 किलो असते, आणि त्यात कॅरियरचं स्वतःचं वजनही आलं. नेमका आकडा आपल्या गाडीच्या पुस्तिकेत बघा. अनेक गाड्यांच्या छतावरच्या पट्ट्या फक्त शोभेच्या असतात, तेही तिथेच लिहिलेलं असतं.

‘जुनं लोखंड टणक, पडलं तरी काही होत नाही.’ होतं, बीड ठिसूळ असतं, ब्रेकड्रम आणि मॅनिफोल्ड पडले की तडकतात.

‘क्रोमचा बंपर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळला की सुरक्षित.’ सुरतेच्या दमट हवेत आत घाम धरतो आणि गंज तिथूनच सुरू होतो. कोरडं सुती कापड बरं.

‘खासगी गाडीला मालाचा कायदा लागू नाही.’ 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम 194 मध्ये माल बाजूला, पुढे, मागे किंवा ठरलेल्या उंचीबाहेर गेला तर वीस हजार रुपये दंड आहे, आणि माल उतरवण्याचा खर्चही चालकाचाच. खासगी-व्यावसायिक असा भेद तिथे नाही.

‘गाडी पन्नास वर्षांपुढची आहे, म्हणजे सवलत.’ 2021 चे व्हिंटेज नियम संपूर्ण गाडीच्या नोंदणीचे आहेत. सुट्ट्या दरवाजाला ते काही देत नाहीत.

इंजिन आणि गिअरबॉक्स यांना छत नकोच. ते छोट्या टेम्पोत जाऊ द्या. बॉनेट-दरवाजे कॅरियरवर न्यायचे असतील तर निघाल्यावर पंधरा-वीस किलोमीटरवर थांबून पट्टे पुन्हा आवळा, कारण माल बसला की पट्टे सैल पडतात. आणि कोंडाईबारी घाटाआधी आणखी एकदा.