सात सुरांची फौज

मेलबर्नच्या रिचमंड भागात कॉर्नर हॉटेल आहे. नावात हॉटेल असलं तरी लोक तिथे जातात ते बिअर प्यायला आणि बँड ऐकायला. जानेवारी २००२ मध्ये ‘द व्हाइट स्ट्राइप्स’ हा अमेरिकन बँड तिथे वाजवणार होता. कार्यक्रमाआधी माइक आणि स्पीकर तपासून घेत असताना गिटारवादक जॅक व्हाइटच्या बोटांतून एक छोटी धून निघाली. दौऱ्यात सोबत असलेल्या बेन स्वँक या मित्राला त्याने ती ऐकवली. मित्र फारसा हलला नाही. ठीक आहे, एवढंच त्याचं मत पडलं.

तीच धून आज युरोपातल्या फुटबॉल मैदानांवर हजारो लोक एका दमात गातात. त्यातल्या अनेकांना ती कोणाची हेही ठाऊक नसतं. गाण्याचं नाव ‘सेव्हन नेशन आर्मी’. घरात पेटी असेल तर वाजवून पाहा: सा, पुन्हा सा, कोमल ग, सा, मग कोमल नि, कोमल ध आणि खाली मंद्र पंचमावर मुक्काम. सात सूर झाले की पुन्हा पहिल्यापासून. रॉकमध्ये अशा फिरून फिरून येणाऱ्या तुकड्याला ‘रिफ’ म्हणतात. जाणकारांना त्यात ऑस्ट्रियन संगीतकार ब्रुकनरच्या पाचव्या सिंफनीची सावलीही दिसली आहे.

व्हाइटला वाटलं होतं की, कधी जेम्स बाँडच्या सिनेमाचं शीर्षकगीत करायला मिळालंच, तर तेव्हा ही धून काढू. मग त्यानेच विचार केला, आपल्याला कोण विचारतंय! आणि धून वापरून टाकली. २००८ मध्ये ‘क्वांटम ऑफ सोलेस’साठी बाँडवाल्यांनी त्याला खरंच बोलावलं. तोवर ही धून जगाची झाली होती.

बँडमध्ये माणसं दोनच: गिटार आणि गाणं जॅककडे, ड्रम मेग व्हाइटकडे. दोघं मोटारींच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या डेट्रॉइटचे. दहा भावंडांतलं शेंडेफळ असलेला जॅक तिथे सोफे-खुर्च्यांना कापड चढवण्याचं काम करायचा. १९९६ मध्ये मेगशी लग्न झाल्यावर त्याने बायकोचं आडनाव घेतलं, १९९७ मध्ये दोघांनी बँड काढला, २००० मध्ये घटस्फोट झाला आणि बँड मात्र चालू राहिला. लोकांना ते सांगायचे की, आम्ही बहीण-भाऊ आहोत. लाल, पांढरा आणि काळा सोडून चौथा रंग अंगावर घालायचा नाही, हा आणखी एक नेम. सुरुवातीच्या तबकड्या एका छोट्या कंपनीने काढल्या. मोठ्या कंपन्यांच्या तालावर न नाचता आपल्या मनाने वाजवणाऱ्या अशा मंडळींना ‘इंडी’ म्हणतात.

२००१ च्या ‘व्हाइट ब्लड सेल्स’ अल्बमने त्यांना नाव दिलं. आता पैसे होते, मोठा स्टुडिओ परवडला असता. ते गेले लंडनच्या हॅकनी भागातल्या ‘टो रॅग’ या लहानशा स्टुडिओत. तिथली यंत्रं बीटल्सच्या जमान्यातली, ध्वनिमुद्रण टेपवर, तेही फक्त आठ ट्रॅकचं. एप्रिल २००२ मध्ये ‘एलिफंट’ हा अल्बम बहुतांशी तिथेच मुद्रित झाला. लेखनापासून शेवटच्या प्रतीपर्यंत कुठेही संगणक वापरलेला नाही, असं त्याच्या वेष्टनावर ठासून छापलंय. थोडा तोरा आहे त्यात, नाही असं नाही. पुढे समीक्षकांना पाठवलेल्या प्रतीही लाँगप्लेच्या तबकड्यांवर होत्या. घरात रेकॉर्ड प्लेअर नसलेल्यांनी काय केलं असेल कोण जाणे.

गाण्याच्या सुरुवातीला ऐकू येतं ते वाद्य म्हणजे खालच्या सुरांची बेस गिटारच, असं कान सांगतात. पण या बँडमध्ये बेस वाजवणारा कोणी नव्हताच. जॅकने आपली जुनी पोकळ पेटीची ‘के’ गिटार ‘व्हॅमी’ नावाच्या पेडलला जोडली. पायाने दाबायचं हे यंत्र सूर एक सप्तक खाली नेतं. साधी गिटार त्यामुळे मंद्रात घुमते. त्याखाली मेगचा ड्रम चालतो ठाम, एकसारखा, कुठेही करामत न करता. मग एकाएकी झांजा कोसळतात, तीच धून वरच्या पट्टीत कर्कश होऊन येते, आणि पुन्हा सगळं खाली बसतं.

ध्रुवपद मात्र नाही. पाश्चात्त्य पॉपगाण्यात कडवं झालं की सगळ्यांनी मिळून म्हणायच्या ओळी येतात, त्यांच्यावरच गाणं विकलं जातं. इथे त्या जागी शब्दच नाहीत, फक्त धून. ध्रुवपदाशिवाय गाणं उभं राहतं का, हे व्हाइटला बघायचं होतं. कडव्यांत आहे तो एक चिडलेला माणूस. गावभर आपल्याविषयी चाललेली कुजबुज त्याच्या कानावर आली आहे, आणि गाव सोडून कॅन्ससमधल्या विचिटाला निघून जायचं त्याच्या मनात आहे. नव्याने मिळालेल्या प्रसिद्धीनंतर डेट्रॉइटमध्ये झालेल्या चर्चेचा तो राग. शीर्षक तर आणखी लांबून आलं. लहानपणी जॅक ‘साल्व्हेशन आर्मी’ या नावाचा उच्चार ‘सेव्हन नेशन आर्मी’ असा करायचा. ही तीच ख्रिस्ती सेवाभावी संस्था, जिचं बूथ हॉस्पिटल अहमदनगरमध्ये, म्हणजे आताच्या अहिल्यानगरमध्ये आहे.

रेकॉर्ड कंपन्यांना हे गाणं सिंगल म्हणून, म्हणजे अल्बमची जाहिरात करणारं सुटं गाणं म्हणून, पसंत नव्हतं. त्यांची निवड दुसऱ्याच गाण्यावर होती. व्हाइट अडून बसला. २००३ मध्ये सिंगल आलं आणि ब्रिटनमध्ये सातव्या क्रमांकावर गेलं. अमेरिकेच्या मुख्य यादीत ते ७६ च्या वर सरकलं नाही, पण रॉक वाजवणाऱ्या रेडिओ केंद्रांच्या यादीत तीन आठवडे पहिलं राहिलं. २००४ मध्ये उत्कृष्ट रॉक गीताचं ग्रॅमी मिळालं. एवढ्यावर थांबलं असतं, तरी एका इंडी बँडसाठी ते भरपूर होतं.

पण त्याआधीच मिलानमध्ये वेगळं काही सुरू झालं होतं. २२ ऑक्टोबर २००३ ला बेल्जियमच्या क्लब ब्रूजचा सामना बलाढ्य एसी मिलानशी होता. आलेले बेल्जियन पाठीराखे सामन्याआधी एका बारमध्ये बसले होते. तिथे हे गाणं लागलं. त्यांनी धून उचलली आणि स्टेडियममध्ये नेली. त्या रात्री मेंडोझाच्या एका गोलवर ब्रूजने मिलानला त्यांच्याच घरात हरवलं, आणि धूनही शकुनाची ठरली. ब्रूजच्या मैदानावर ती मग नेहमीची झाली.

फेब्रुवारी २००६ मध्ये इटलीच्या रोमा क्लबचा संघ ब्रूजला खेळायला गेला, जिंकला आणि येताना धून घेऊन आला. कर्णधार फ्रान्सेस्को टोटीने ती तिथेच पहिल्यांदा ऐकली होती. इटालियनांनी तिला नाव दिलं ‘पो पो पो’. पाच महिन्यांनी इटलीने बर्लिनमध्ये विश्वचषक जिंकला तेव्हा देशभर तेच चाललं होतं. दोन दिवसांनी मिलानच्या सान सिरोवर, म्हणजे जिथे ब्रूजने मिलानला हरवलं त्याच मैदानावर, रोलिंग स्टोन्सचा कार्यक्रम होता. विश्वविजेते देल पिएरो आणि मातेराझी मंचावर चढले आणि श्रोत्यांकडून त्यांनी ‘पो पो पो’ म्हणवून घेतलं. स्टोन्ससारख्यांच्या मंचावर दुसऱ्याच बँडची धून! २००८ च्या युरो स्पर्धेत आणि २०१८ च्या विश्वचषकात संघ मैदानात उतरताना हेच वाजलं.

हे याच गाण्याचं का झालं, याचं उत्तर त्याच्या उणिवांमध्ये आहे. बेस नाही, ध्रुवपद नाही, ड्रममध्ये गुंतागुंत नाही. जिथे शब्द नाहीत तिथे भाषेची अडचण येत नाही. फ्लेमिश, इटालियन, इंग्रज सगळे सारखेच. विसर्जनाच्या मिरवणुकीत ताशाचा ठेका कानावर पडला की न शिकलेल्याचेही पाय हलतात, तसंच हे. शिवाय रिकाम्या जागेत कोणाचंही नाव बसवता येतं. २०१७ मध्ये ब्रिटनच्या मजूर पक्षाचे नेते जेरेमी कॉर्बिन एका संगीत कार्यक्रमात बोलायला आले, तेव्हा जमावाने त्यांचं नाव या सुरांवर चढवलं आणि पुढच्या महिन्यात ग्लास्टनबरी महोत्सवात ते दणाणलं.

याला दुसरी बाजूही आहे. जे कोणीही उचलू शकतं, ते नको असलेला माणूसही उचलतो. २०२४ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांच्या प्रचाराच्या व्हिडिओत ही धून वाजली. तेव्हा जॅक आणि मेग या दोघांनी मिळून कोर्टात दावा लावला. निवडणुकीनंतर नोव्हेंबरमध्ये तो मागे घेतला. बँड तर २०११ मध्येच अधिकृतपणे संपला होता.

मेगला ड्रम येत नाहीत, अशी टीका वर्षानुवर्षं झाली. ती चुकीची आहे. झांजा नेमक्या कुठे पाडायच्या आणि तोवर हात किती आवरायचा, यावर हे गाणं उभं आहे, आणि ते काम तिचं आहे. मैदानातल्या गोंगाटात फक्त धून उरते, तिचा ड्रम हरवतो. म्हणून मूळ गाणं, जेमतेम चार मिनिटांचं, हेडफोन लावून एकदा पूर्ण ऐका.