गाडी आपली, पानाही आपलाच!

सकाळचे साडेनऊ वाजले की परभणीच्या वसमत रोडला नाही तर जिंतूर रोडला जरा उभं राहून बघा. तोंडाला स्कार्फ गुंडाळलेल्या, हुकाला डब्याची पिशवी अडकवलेल्या बायकाच बायका! कुणी शाळेत निघालेली, कुणी बँकेत, कुणी कृषी विद्यापीठात, तर कुणी आरोग्य केंद्रात. 'मला तेवढं सोडून या ना' हे वाक्य आपल्या घरातून कधी गेलं, कळलंसुद्धा नाही.

ही किमया बिनगिअरच्या गाड्यांची. १९७२ मध्ये लुना आली, १९८४ मध्ये बटनावर सुरू होणारी कायनेटिक होंडा आली आणि २००१ मध्ये ॲक्टिव्हा. बघता बघता चाव्या आपल्या पर्समध्ये आल्या. पण मैत्रिणींनो, गाडी चालवायला शिकलो तेवढ्यावरच आपण थांबलो. गाडी बंद पडली की आपण फार तर एवढंच सांगू शकतो, "काहीतरी झालंय हो तिला!"

मी जिंतूर रोडवरच्या एका खेड्यात शिक्षिका आहे. रोजचं जाणं-येणं गाडीवरच. एकदा गाडी सुरूच होईना. ढकलत एका गॅरेजमध्ये नेली. तिथल्या मिस्त्रीने माझ्याकडे न बघताच सांगितलं, "ताई, इंजिनचं काम दिसायलंय. तुम्हाला नाही कळायचं, साहेबांना पाठवा." माझ्या बहिणीचा मुलगा आयटीआयला मोटार मेकॅनिक शिकतो. संध्याकाळी त्याने येऊन बघितलं, तर प्लगची टोपी सैल झाली होती. बोटाने दाबली, गाडी सुरू! खर्च शून्य. "मावशी, हे तुला पण येईल की," तो म्हणाला. त्याच रविवारी माझी शिकवणी सुरू झाली.

शेजारच्या काकूंनी मला गाडीपाशी मांडी घालून बसलेली पाहिलं आणि हाक मारली, "अगं, काय करायलीस? मास्तर गावाला गेलेत का?" आता सांगा, शिलाई मशीनला तेल कोण घालतं? कुकरची रबरी रिंग कोण बदलतं? मिक्सरखालचा झिजलेला कपलर बाजारातून आणून कोण बसवतं? आपणच ना! मग गाडीजवळ आलं की आपले हात अचानक नाजूक का होतात? लुनाच्या काळात पेट्रोलमध्ये ऑईल मिसळायचं, प्लगवर काजळी धरली की तो काढून घासायचा, हे तर चालवणाऱ्याला यावंच लागायचं.

तर मी काय काय शिकले, ते सांगते.

पहिली हवा. गाडी चालवण्याआधी, टायर थंड असताना सकाळीच मोजायची. आपल्याकडच्या मे महिन्यात तापलेल्या रस्त्यावरून आल्यावर मोजली तर काटा जास्तच दाखवणार. गाडीबरोबरच्या पुस्तकात आकडा दिलेला असतो. माझ्या गाडीला पुढे २२, मागे एकटीसाठी २९ आणि डबलसीटला ३६ लागते. हवा मोजायचं छोटं मीटर दोन-तीनशे रुपयांत मिळतं. हवा कमी असली की टायर लवकर झिजतो, पेट्रोल जास्त लागतं आणि वळणावर गाडी हेलकावते.

दुसरं ऑईल. गाडी मधल्या स्टँडवर, सपाट जागी. दोन-तीन मिनिटं चालू ठेवून बंद करायची, थोडं थांबायचं, मग ऑईलची पट्टी काढून पुसायची, पुन्हा बुडवून बघायची. दोन खुणांच्या मध्ये ऑईल हवं. आपल्या बहुतेक स्कूटरमध्ये ते एक लिटरसुद्धा नसतं, त्यामुळे थोडं कमी झालं तरी इंजिनला ते जाणवतं. मी आता ऑईल स्वतःच बदलते. खाली जुना डबा ठेवायचा, बोल्ट सोडायचा, बसवताना त्याचा वॉशर विसरायचा नाही. जुनं ऑईल मात्र नालीत किंवा झाडाच्या आळ्यात ओतू नका, गॅरेजवर नेऊन द्या.

तिसरा ब्रेक. ब्रेकचं हँडल एक-दोन सेंटीमीटर सहज दाबलं गेलं पाहिजे, त्यापुढे ब्रेक लागला पाहिजे. फारच आत जात असेल तर मागच्या चाकाजवळचा नट अर्धा-अर्धा फेरा आवळायचा आणि स्टँडवर चाक हाताने फिरवून बघायचं. ते अडकत असेल तर जास्त आवळलं गेलंय. नट संपत आला तरी ब्रेक सैलच, म्हणजे ब्रेक शू झिजले. ते काम मिस्त्रीचं.

चौथा प्लग. इंजिन पूर्ण थंड असतानाच काढायचा. टोक फिकट तपकिरी असेल तर सगळं ठीक. काळाकुट्ट असेल तर साफ करा, जुना झाला असेल तर बदला. नवा शे-दीडशे रुपयांत येतो. बसवताना आधी हातानेच आटे धरायचे, पाना शेवटी. वाकडा बसला तर इंजिनचे आटे जातात आणि तो खर्च मोठा असतो.

आणि खास आपल्या मराठवाड्याचं एक. पावसात शेताच्या रस्त्याने गेलं की काळी माती चाक आणि मडगार्डच्या मध्ये अशी भरते की चाकच फिरत नाही. अशा वेळी एक्सलेटर पिळत बसू नका, त्याने पट्ट्यावर ताण येतो. डिक्कीत एक जुना उलथणा ठेवा. गाडी बंद करून माती खरवडली की मोकळं!

काय करायचं नाही, हेही सांगायला हवं. पट्टा, इंजिनचं आतलं काम आणि बीएस-६ गाड्यांची फ्युएल इंजेक्शन यंत्रणा यांना घरी हात लावू नये. गाडी गॅरंटीत असेल तर ठरलेली सर्व्हिसिंग कंपनीच्या केंद्रातच करा. काम करताना ओढणी, पदर खोचून घ्या, बांगड्या काढा आणि तापलेल्या सायलेन्सरपासून लांब राहा.

बाहेरच्या देशात लोक आपली स्पोर्ट्स कार रविवारी हौसेने खोलून बसतात. आपल्याकडे ही हौस नाही, गरज आहे. माझ्या ओळखीतल्या एका अंगणवाडी ताईंची गाडी दोनदा दिवस मावळताना रस्त्यात बंद पडली. घरच्यांनी गाडीचा दोष गाडीवर नाही ठेवला, "आता पुरे झालं तुझं फिरणं" म्हणाले. गाडी विकली गेली. ताई आता जीपची वाट बघत तास-तास फाट्यावर उभ्या असतात. बंद पडलेली गाडी बाईला घरी बसवायला किती सहज निमित्त होते, बघा!

जगातला मोटारीचा पहिला लांबचा प्रवास कुणी केला, माहीत आहे? एका बाईने! १९८८ नव्हे, १८८८ मध्ये. मोटार बनवणाऱ्या कार्ल बेंझ यांची पत्नी बर्था, नवऱ्याला न सांगता दोन मुलांना घेऊन जर्मनीतल्या मानहाइमहून माहेरी फोर्झहाइमला निघाली. शंभरावर किलोमीटरचा रस्ता. पेट्रोलची नळी तुंबली, तर तिने टोपीच्या पिनेने मोकळी केली. ब्रेक झिजले, तर वाटेत चांभाराकडून त्यांना चामडं लावून घेतलं. ना गॅरेज, ना मिस्त्री. तरी पोचली!

लेक कॉलेजला जायला लागली की आपण तिला गाडीची चावी देतो, "सांभाळून जा गं" म्हणतो. चावीबरोबर तिच्या हातात एक प्लग पाना आणि हवेचं मीटरही द्या. येत्या रविवारी अर्धा तास काढा, गाडीचं पुस्तक शोधा आणि दोघी मिळून आधी फक्त हवा मोजा. बाकीचं हळूहळू येतंच!