उंच मोटारसायकल घेताय? आधी हिशेब मांडा

सोलापूर-तुळजापूर हमरस्त्यावर तामलवाडीपर्यंत कोणतीही साधी मोटारसायकल सुरळीत धावते. कसोटी लागते ती डांबर सोडून वाड्या-वस्त्यांच्या पाणंदीत शिरल्यावर. पावसाळ्यात काळी चिकण माती चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये गच्च बसते, चाक फिरेनासे होते आणि कापडाचे गाठोडे घेऊन निघालेल्या फेरीवाल्याचा बाजाराचा दिवस बुडतो. अशा वेळी उंच अ‍ॅडव्हेंचर गाडीचा विचार मनात येणे साहजिक आहे. मात्र व्यापारी बंधूंनी आधी नफा-तोटा पाहावा.

फरक कशात आहे?

स्प्लेंडरचा तळ जमिनीपासून १६५ मिलिमीटर उंच, तर २०१९ साली आलेल्या हिरो एक्सपल्स २०० चा २२० मिलिमीटर. पुढचे चाक १८ ऐवजी २१ इंची, त्यामुळे ते खड्ड्यात कमी अडकते. पुढचे मडगार्ड चाकापासून बरेच वर असल्याने चिखल साचत नाही. २०१६ साली आलेल्या रॉयल एनफील्ड हिमालयनची घडणही याच धर्तीची आहे.

पण दुसरी बाजूही पाहावी. सीट उंच, गाडी जड, पेट्रोल अधिक लागते. मागे उंच गाठोडे बांधले की तोल जातो. माल दोन्ही बाजूंच्या पिशव्यांत, खाली व समान वजनाने ठेवावा. ज्यांची फेरी बहुतांशी डांबरावरच आहे, त्यांनी हा खर्च करू नये.

देखभाल बदलते

स्प्लेंडरची चेन बंद कव्हरात असते. या गाड्यांची उघडी. धूळ आणि तेल मिळून तिला कानसच लागते म्हणा ना! सुमारे ५०० किलोमीटरला, आणि चिखलातून आल्यावर लगेच, रॉकेलने मऊ ब्रशने चेन पुसून तेल द्यावे. पेट्रोल वापरू नये, आतील रबरी रिंगा खराब होतात.

एअर फिल्टर धुळीच्या दिवसांत ठरलेल्या मुदतीपूर्वीच तपासावा. तेलकट कागदी फिल्टर असेल तर त्याला हवा मारू नये, सरळ बदलावा. पुढच्या शॉकअपच्या नळ्यांवरील चिखल वाळण्यापूर्वी पुसावा, नाहीतर ऑइल सील फाटते. धुताना चाकाच्या बेअरिंगवर जोराचा फवारा मारू नये.

तारांच्या चाकाची प्रत्येक तार पान्याने हलकेच वाजवून पाहावी. जिचा आवाज बद्द येतो ती ढिली. २१ इंची ट्यूब प्रत्येक पंक्चरच्या दुकानी मिळेलच असे नाही, म्हणून एक जवळ बाळगावी.

मिस्त्रींना संधी

अलॉय चाके आल्यापासून तारा ओढून चाकाचा आउट काढणारे कारागीर कमी झाले. या गाड्यांमुळे त्या हुन्नराला पुन्हा मागणी येऊ शकते. मात्र १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाल्याने नव्या गाड्यांत कार्बोरेटरऐवजी इंजेक्शन आले आहे. त्यातील दोष शोधण्यास स्कॅनर लागतो. हमरस्त्यावरील ज्या गॅरेजात तारा ओढणारा हात आणि स्कॅनर दोन्ही असतील, त्याच्याकडे गिऱ्हाईक सोलापूर सोडून येईल. तरुण कारागिरांनी हे वेळीच शिकून घ्यावे.